घड्याळ गिऱ्हाइकाचं, पट्टा दुकानाचा

खोली क्रमांक चार पुसून टाकण्याचा हुकूम गफूरभाईंनी दिला नव्हता. तो मी दिला होता. एवढं वाक्य लिहायला मला सात वर्षं लागली आणि आता कागदावर ते अगदीच लहान दिसतंय.

गेल्या महिन्यात आमच्या क्लासमध्ये काम केलेली जुनी माणसं लातुरात जेवायला जमली होती. कुणाचा तरी फोन बंद पडला. शेजारचा म्हणाला, "गफूरभाईकडं नको देऊ बाबा, पुसून कोरा करून देतेत." दहाबारा जण हसले. मी ताटातली भाकरी कुस्करत राहिलो. त्या हसण्यातला प्रत्येक माणूस माझ्यामुळे हसत होता, हे त्या पंगतीत फक्त मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मी काय केलं ते शेवटी सांगतो. आधी गफूरभाईंविषयी सांगतो.

गफूरभाई नांदेडचे, घड्याळजींच्या घरातले. आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे, वडीलही. बसून बसून खांद्यात आलेला बाक तिन्ही पिढ्यांना सारखाच, असं ते स्वतःच सांगत. खुर्चीला पाठ टेकून बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. मनगटावरचं घड्याळ ते तबकडी आतल्या बाजूला करून बांधत. "येळ आपली आपण बघायची. लोकांना कशाला दाखवायची?" 'बिघडलं' हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. "थकलंय," म्हणत. घड्याळ थकायचं, पंखा थकायचा, आमच्या क्लासच्या संचालकांची जुनी मोटार तर कायमच थकलेली. एकदा मी विचारलं, "आणि माणूस हो?" तर म्हणाले, "माणूस न्हाई थकत सर, कंटाळतो. ते दुरुस्त करणं आपल्याच्यानं होत न्हाई."

आमची ओळख भूकंपातली. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आलेल्या कुटुंबांच्या याद्या करायला मला लावलं होतं. शेडांवर पांढऱ्या रंगानं आकडे मीच काढले. नांदेडहून धान्य आणि कपडे घेऊन एक ट्रक आला, त्यात गफूरभाई होते. ट्रक परत गेला, हे मागं राहिले. पालथ्या घमेल्यावर बसायचे, समोर हत्यारांची पेटी. लोक ढिगाऱ्यातून निघालेलं काहीबाही आणायचे. स्टोव्ह, बॅटऱ्या, रेडिओ. प्रत्येक वस्तू ते कागदी पाकिटात नाहीतर फडक्यात बांधत आणि वर पेन्सिलीनं शेडचा नंबर लिहीत.

"नाव का लिहीत नाही?" मी विचारलं.

"नावं सारखी असतेत सर. नंबर सारखा नसतो." मला बरं वाटलं, कारण नंबर माझे होते.

एक म्हातारा रेडिओ घेऊन आला. बायको गेली होती. म्हणाला, "दुरुस्त करा, पण काटा हलवू नका. तिनं लावलेला हाय." आता रेडिओ दुरुस्त झाला की नाही हे काटा फिरवल्याशिवाय कसं कळणार? दुसरा एखादा 'बरं बरं' म्हणाला असता आणि पाठीमागं फिरवला असता. गफूरभाईंनी म्हाताऱ्याला शेजारी बसवून घेतलं. काचेवर काट्याच्या जागी पेन्सिलीची बारीक रेघ ओढली आणि म्हणाले, "बाबा, एकदा हलवतो, तुमच्यासमोर. मग परत रेघंवर आणून ठेवतो. चालंल?" म्हाताऱ्यानं वाकून रेघ बघितली आणि "हाव" म्हटलं. रेडिओ बोलला. काटा रेघेवर परत आला. तेव्हापासून कुणाचीही वस्तू हातात घेतली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "ह्यात जसंच्या तसं ठेवायचं काय हाय?"

पुढं लातुरात क्लासचं पीक आलं. गल्लीगल्लीत वसतिगृहं, खानावळी, झेरॉक्सची दुकानं. लोह्यापासून जळकोटपर्यंतची पोरं ट्रंका घेऊन उतरायला लागली. मी शाळेतून मुदतीआधी निवृत्त झालो आणि एका क्लासचा व्यवस्थापक झालो. माईक, कॉम्प्युटर, उत्तरपत्रिका तपासायचं मशीन हे सगळं सांभाळायला माणूस हवा होता, तेव्हा गफूरभाईंना मीच बोलावून आणलं. शुक्रवारी त्यांना सुटी. गुरुवारी संध्याकाळच्या बसनं नांदेड, शनिवारी सकाळी परत.

मग टॅब आले. प्रत्येक मुलामुलीला एक, त्यात आमचे धडे, आमचे प्रश्नसंच. टॅबमध्ये दुसरं काही चालू नये, हरवला तर ऑफिसातून बंद करता यावा, अशी संचालकांची इच्छा. गफूरभाई तेव्हा पन्नाशीला आले होते. इंटरनेटवरचे धडे छापून घेऊन त्यांनी ते जाड दोऱ्यानं शिवले, त्याची चोपडी केली, आणि भिंगाची दोरी गळ्यात तशीच ठेवून प्रोग्रॅम लिहायला शिकले. वर्षभरात त्यांचं स्वतःचं ॲप तयार झालं.

त्या काळी पद्धत सोपी होती आणि आडदांड. टॅबनं एकदा विचारायचं, या ॲपला कारभाराचा अधिकार द्यायचा का? 'हो' दाबलं की संपलं. ऑफिसात बसून कॅमेरा बंद करा, पडदा कुलूपबंद करा, नाहीतर आख्खं यंत्र पुसून टाका. चाचणीचे पेपर शिक्षकांच्या आणि रेक्टरच्या फोनवरही जात, म्हणून त्यांच्या स्वतःच्या फोनमध्येही हेच ॲप टाकायला लावलं. तो आग्रह माझा. गफूरभाईंना पटलं नव्हतं. "ज्याचा फोन त्याची चावी, सर. आपण दुसऱ्याच्या घराची चावी खिशात घालून हिंडून राहिलो."

म्हणून ते स्वतः जपून वागत. टॅब रीसेट करायला आणला की रांग खोळंबली तरी तोच प्रश्न. "काही नाही ठेवायचं," म्हणणारी मुलगी दोन मिनिटांनी आजीचा फोटो शोधून काढायची. तो दुसरीकडं उतरवून घेतल्याशिवाय बटण दाबायचे नाहीत. दाबताना हलकेच 'बिस्मिल्ला' म्हणायचे. मुलीही गमतीनं म्हणायच्या.

आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर कौशल्याबाई. भूकंपात गेलेल्या एका गावच्या. नवरा त्यात गेला, आई वाचली. खोली चारला लागून आत अर्धी खोली होती, तिथं त्या राहायच्या. दुपारी चारला थर्मास घेऊन ऑफिसात येत आणि सगळ्यांना चहा देत. गफूरभाई बशीत ओतून आवाज करत पीत आणि रोज म्हणत, "साखर कमी पडली."

"तुमच्या तोंडात काय ऊस लावलाय का, भाई? कितीही घाला, कमीच."

"मग रोज थोडी वाढवत जा की. एक दिवस बरोबर होईल."

हे बोलणं झाल्याशिवाय आमचा दिवस पुढं सरकत नसे.

कौशल्याबाईंच्या आईनं मरायच्या आधी एक काम केलं होतं. आपली जुनी गल्ली तिनं तोंडी सांगून ठेवली होती. टोकापासून सुरुवात करून एकेक घर, कुणाचं, दाराला काय रंग, उंबऱ्यावर कोण बसायचं, त्या पहाटे कोण आत होतं आणि कोण शेतात. पाऊण तास. फोनवर ते कसं टिपून घ्यायचं हे गफूरभाईंनीच शिकवलं होतं. मला एकदा कौशल्याबाईंनी थोडं ऐकवलं. म्हातारी एका घरापाशी थांबते, खोकते आणि म्हणते, "हितं जरा बसू." आणि पुढं सांगायला लागते. नव्या गावात सगळी घरं सरळ रेषेत बांधलेली. ती वाकडी गल्ली आता त्या फोनमध्येच होती.

याच सुमाराला फोनची मूळ प्रणाली बनवणाऱ्यांनी कळवलं, की कारभाराचा जुना अधिकार हळूहळू बंद करणार. बहुतेक लोक वैतागले. गफूरभाई मात्र चार दिवस चोपडी वाचून खुशीत आले. मला बसवून समजावलं.

"सर, इतकी वर्षं मी चौकीदार लिहून राहिलो. आता चौकीदार फोनमधेच बसून येतो. आपण फक्त नियम लिहून धाडायचे. टॅब क्लासचा असंल तर कोरा करून, पहिल्यांदा चालू करतानाच क्यूआर कोड दाखवायचा. तो पुरा क्लासचा झाला. पण माणसाचा स्वतःचा फोन असंल, तर त्यात क्लासचा कप्पा वेगळा. आपल्याला पुसता येतो तो तेवढाच कप्पा. बाकी फोनला आपला हातच लागत न्हाई."

मी म्हटलं, "मग धाक काय राहिला?"

ते हसले. "आमच्या दुकानात कसं हाय? घड्याळ गिऱ्हाइकाचं, पट्टा दुकानाचा. हिशेब न्हाई जमला तर पट्टा काढून घ्या. घड्याळ कसं ठेवून घेणार? जुन्या पद्धतीत आपण मनगटासकट काढून घेत होतो."

त्यांचं म्हणणं असं, की आधी माणसांचे फोन नव्या पद्धतीवर घेऊ आणि घेताना सगळ्यांचे फोटो-आवाज उतरवून ठेवू. मी म्हटलं, आधी टॅब, आणि तेही परीक्षा झाल्यावर. आणखी एक गोष्ट त्यांनी मागितली होती. पुसण्याचा हुकूम दोन माणसांनी दिल्याशिवाय चालू नये. मी म्हटलं, दोघांची वाट बघत बसायला हे काय लग्न आहे? हे वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं, कारण तेव्हा मला ते हुशारीचं वाटलं होतं.

परीक्षेआधीच्या एका शुक्रवारी गफूरभाई भाचीच्या लग्नाला उमरीला होते. खोली चारमधली एक मुलगी क्लास सोडून टॅबसकट घरी निघून गेली. टॅबमध्ये येत्या चाचण्यांचे सगळे प्रश्नसंच. दुसऱ्या क्लासच्या हाती लागतील म्हणून संचालकांनी सकाळपासून दोनदा विचारलं. मी गफूरभाईंना फोन लावला. ते मांडवातून बाहेर येऊन बोलले. "सर, खोली चारला हात लावू नका. त्या नंबरात नुसते टॅब न्हाईत. मी उद्या सकाळी येतोच."

मी "बरं" म्हटलं. यादीत नावं नव्हती, त्या मुलीचा टॅब कोणता ते कळेना, म्हणून दुपारी बारा वाजता माझ्या पासवर्डानं आख्खी खोली चार निवडून 'पुसा' दाबलं. मला वाटलं, चार मुली, चार टॅब, परत भरता येतील. गफूरभाई सगळ्याच वस्तू नावानं न लिहिता जागेच्या नंबरानं लिहीत, शेडांपासूनची ती सवय. अर्ध्या खोलीत राहणाऱ्या कौशल्याबाईंचा फोनही त्याच नंबराखाली होता. ते विचारायला मी थांबलो नाही.

अर्ध्या तासानं कौशल्याबाई ऑफिसात आल्या. फोन तळहातावर धरलेला, जसं काही पाणी भरलंय त्यात. म्हणाल्या, "सर, फोन मला नाव विचारून राहिलाय." पडद्यावर नव्या फोनसारखं स्वागत होतं.

मी म्हटलं, "गफूरभाई आल्यावर बघू."

शनिवारी बैठक झाली. संचालकांनी विचारलं, हे कुणी केलं? मी पंख्याकडं बघितलं. त्याच वर्षी चुकीची उत्तरपत्रिका वाटली म्हणून एका कारकुनाला मी घरी पाठवलं होतं, आणि 'शिस्त' या विषयावर याच टेबलाभोवती सगळ्यांना पाऊण तास ऐकवलं होतं. गफूरभाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "ॲप माझं हाय. नंबर मी टाकले. जबाबदारी माझी." सगळ्यांनी ते जसं समजायचं तसं समजलं.

बैठकीनंतर त्यांनी मला त्यांच्या टेबलापाशी बोलावलं. पडद्यावर नोंद होती. कुणी, किती वाजता, कोणता हुकूम. माझं नाव स्वच्छ दिसत होतं. आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "ही नोंद नव्वद दिवस राहते, सर. मग आपोआप जाते, मीच तसं लिहिलंय. तेवढ्यात तुम्हाला सांगावं वाटलं तर सांगा. मी कुणाला दाखवत न्हाई."

मी नव्वद दिवस मोजले. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. एक्क्याण्णवाव्या दिवशी मला हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची शरम मला अजून वाटते.

कौशल्याबाई भांडल्या नाहीत. चारला थर्मास घेऊन येत, सगळ्यांना चहा देत आणि गफूरभाईंच्या टेबलापाशी आल्या की थर्मासचं झाकण लावत. गफूरभाई मान खाली घालून स्क्रू निवडत बसत. दीड वर्ष, रोज चारला. मी माझा चहा पीत होतो.

त्या दीड वर्षात गफूरभाईंनी दोन कामं केली. पहिलं, सगळ्यांचे फोन आणि टॅब नव्या पद्धतीवर घेतले, स्वतः लिहिलेलं ॲप स्वतःच्या हातानं काढून टाकलं, आणि पुसण्याला दोन माणसांची अट घातली. या वेळी मी आडवा आलो नाही. दुसरं काम मला उशिरा कळलं. रविवारी ते कौशल्याबाईंच्या नव्या गावी जात. जुन्या गल्लीतली जी तीन-चार म्हातारी माणसं उरली होती त्यांच्यापाशी बसून घर-घर विचारत आणि टिपून घेत. एक दिवस कागदी पाकिटात मेमरी कार्ड घालून, वर पेन्सिलीनं 'गल्ली' असं लिहून त्यांनी ते कौशल्याबाईंच्या खुर्चीवर ठेवलं. या एका पाकिटावर मात्र नंबर नव्हता. बाईंनी ते ऐकलं. मला एवढंच म्हणाल्या, "घरं समदी आली. आईचा आवाज न्हाई त्यात. आन् आमचंच घर राहिलंय."

मग डोळे काम देईनात म्हणून गफूरभाई नांदेडला परत गेले. जाताना माझ्या टेबलावरचं थकलेलं घड्याळ चालू करून गेले.

आता त्या जेवणानंतरचा दिवस. मी कौशल्याबाईंच्या घरी गेलो आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. हुकूम, पंखा, नव्वद दिवस. त्या तांदूळ निवडत होत्या, निवडत राहिल्या. ताट संपल्यावर म्हणाल्या, "सर, मी त्या माणसाला दीड वर्ष चहा दिला न्हाई."

"हो."

"तुम्ही बघत होतात."

"हो."

मग म्हणाल्या, "गुरुवारी नांदेडला जायचं. तुम्हीबी या." गुरुवारी सकाळी थर्मास घेऊन बसस्टँडवर उभ्या होत्या. नांदेडपर्यंत खिडकीबाहेर बघत बसल्या.

गफूरभाईंचं दुकान म्हणजे एक फळी आणि एक दिवा. पुतण्या चालवतो, हे बाजूला बसतात. दाढी पांढरी झालीय. आम्हाला बघून उठायला लागले. कौशल्याबाई म्हणाल्या, "बसा. मला सरांनी सांगितलं. तुम्ही का न्हाई सांगितलं, भाई?"

"माझं सांगायचं नव्हतं ते. सरांचं होतं." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "नव्वद दिवस मात्र लई लांबले, सर." त्यांच्या बोलण्यात टोमणा शोधायचा मी प्रयत्न केला. सापडला नाही.

कौशल्याबाईंनी फोन काढून फळीवर ठेवला. "आमचं घर राहिलंय. मी सांगते. लावा."

गफूरभाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला, बटण चाचपडून दाबलं. बाई सांगायला लागल्या. निळं दार, बाजूला रांजण, आई कुठं बसायची. पुतण्यानं दुकानातली घड्याळं कापडाखाली झाकली, टिकटिक येऊ नये म्हणून. दहा मिनिटांत घर पुरं झालं. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली.

मग त्यांनी थर्मास उघडला. दोन कप आणले होते. एक गफूरभाईंना दिला, एक स्वतः घेतला. झाकण लावलं. माझ्याकडं बघितलंही नाही, आणि ते बरोबरच होतं.

गफूरभाईंनी एक घोट घेतला. "साखर जास्त झाली."

"दीड वर्षाची हाय. प्या."

ते हसले. फळीखालून बशी काढली, पुसली, कपातला अर्धा चहा तिच्यात ओतला, आणि दोन्ही हातांनी धरून ती बशी हळूहळू माझ्यासमोर सरकवली. कौशल्याबाईंनी ते बघितलं. मग झाकण सैल करून थर्मास फळीवर मधोमध ठेवला.